गाडीची काच फुटली : विम्यातून मिळते किती, जाते किती?

व्यापारी आणि कारागीर बंधूंच्या दारात आता सायकल-स्कूटरच्या जोडीला एखादी चारचाकी दिसते. कोणाकडे कुटुंबासाठी कार असते, कोणाकडे मालासाठी टेम्पो. आमच्या कापडाच्या धंद्यात भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा फेऱ्या नेहमीच्याच. महामार्गावर पुढे खडीचा डंपर असतो, त्याच्या टायरखालून खडा उडतो आणि समोरच्या काचेवर टक्कन आवाज होतो. कधी वाटाण्याएवढा डाग पडतो, कधी या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा जातो.

अशा वेळी गॅरेजवाला हमखास म्हणतो, "शेठ, इन्शुरन्स आहे ना? मग क्लेममध्ये टाकू." एजंटही तेच सांगतो. काच बदलून गाडी घरी येते. पुढच्या वर्षी हप्त्याची पावती हातात पडते तेव्हा रक्कम वाढलेली असते आणि ती का वाढली हे कोणी सांगत नाही. म्हणून काच आणि विमा यांचा हिशेब आम्ही येथे वहीतल्या जमा-खर्चासारखा मांडत आहोत.

विम्याच्या शरई बाजूविषयी अनेक जण विचारतात. त्यावर उलेमांमध्ये वेगवेगळी मते आहेत आणि तो आमचा प्रांत नाही. ज्याने त्याने आपल्या विश्वासाच्या आलिमांना विचारावे. येथे आम्ही केवळ व्यवहाराची बाजू सांगत आहोत.

पॉलिसी कोणती, ते आधी पाहा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे रस्त्यावर गाडी आणायची तर थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल, त्यासाठी हा विमा असतो. आपल्या स्वतःच्या गाडीच्या काचेसाठी त्यातून एक रुपयाही मिळत नाही. काच, पत्रा, इंजिन यांची भरपाई हवी असेल तर 'ओन डॅमेज' म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग पॉलिसीत असावा लागतो. दोन्ही भाग एकत्र असलेल्या पॉलिसीला बाजारात 'फुल इन्शुरन्स' किंवा 'फर्स्ट पार्टी' म्हणतात.

येथे एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. सप्टेंबर २०१८ पासून नवी खासगी कार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे मालक समजतो की तीन वर्षे चिंता नाही. पण ओन डॅमेजचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. वर्ष संपले, तो भाग पुन्हा घेतला नाही, आणि दुसऱ्या वर्षी काच फुटली, तर हातात पॉलिसीचा कागद असूनही दावा बसत नाही. सप्टेंबर २०१९ पासून हा ओन डॅमेजचा भाग स्वतंत्रही विकत मिळतो. आजच कपाटातून पॉलिसी काढून दोन्ही भागांच्या तारखा वेगवेगळ्या तपासून घ्याव्यात.

पुढची काच आणि बाजूची काच

गाडीतल्या सगळ्या काचा एका जातीच्या नसतात. समोरची काच लॅमिनेटेड असते. काचेच्या दोन पातळ थरांमध्ये प्लास्टिकसारखा एक पारदर्शक पडदा दाबून बसवलेला असतो. त्यामुळे ती फुटली तरी तुकडे पडद्याला चिकटून राहतात, डोळ्यांत जात नाहीत. बाजूच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात. त्या फुटल्या की एका क्षणात साखरेच्या खड्यांसारखा चुरा होतो.

याचा खर्चाशी थेट संबंध आहे. टफन्ड काचेला दुरुस्ती नाही, ती बदलावीच लागते. लॅमिनेटेड काचेवरचा लहान डाग मात्र दुरुस्त होऊ शकतो. कारागीर डागातील हवा ओढून घेतो, तेथे पातळ राळ भरतो आणि विशेष दिव्याच्या प्रकाशात ती कडक करतो. डाग पूर्ण नाहीसा होत नाही, पण तडा पुढे पसरणे थांबते. डाग लहान असावा, काचेच्या कडेपासून दूर असावा आणि चालकाच्या अगदी नजरेसमोर नसावा, एवढ्या अटी असतात. डागात धूळ आणि पाणी शिरण्याआधी काम करून घेतले तर ते चांगले बसते. तोपर्यंत डागावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवावी.

उशीर केला तर काय होते, हे प्रत्येक ड्रायव्हर जाणतो. दुपारच्या उन्हात काच तापते, वर एसीची गार हवा लागते, गाडी खड्ड्यात आदळते आणि वाटाण्याएवढ्या डागाचा हातभर तडा होतो. मग नव्या काचेशिवाय इलाज नाही. दुरुस्तीचा खर्च नव्या काचेच्या मानाने फार थोडा असतो. म्हणून लहान डाग असेल तर विम्याचा विचारही न करता खिशातून दुरुस्ती करावी, हे आमचे पहिले सांगणे.

विमा कशाचे पैसे देतो?

ओन डॅमेजच्या भागात अपघात, आग, चोरी, पूर, वादळ, गारपीट, भूकंप, दरड कोसळणे, दंगल आणि संप, कोणी मुद्दाम केलेली मोडतोड अशा कारणांची यादी असते. उडालेला खडा 'बाहेरून झालेल्या अपघाता'त बसतो. गारपिटीत काच फुटली, झाडाची फांदी पडली, दगडफेकीत काच गेली, तरी दावा करता येतो. दंगल किंवा मुद्दाम केलेल्या मोडतोडीच्या प्रकरणात पोलिसांत नोंद लगेच करावी आणि तिची प्रत घ्यावी. गल्लीत, बाजारात उभ्या असलेल्या गाड्यांचे अशा वेळी सर्वात जास्त नुकसान होते. ज्यांच्याकडे केवळ थर्ड पार्टी आहे, त्यांना आपल्या विम्यातून काहीच मिळत नाही.

ज्याच्यासाठी पैसे मिळत नाहीत, तेही पाहू. वायपर घासून वर्षानुवर्षे पडलेले ओरखडे ही झीज आहे, अपघात नव्हे. गाडी चालवणाऱ्याकडे वैध परवाना नसेल किंवा तो नशेत असेल, तर दावा नामंजूर होतो. आणि गाडी पॉलिसीत लिहिलेल्या उपयोगाबाहेर वापरली असेल तरीही कंपनी हात वर करू शकते. यावर पुढे सविस्तर लिहिले आहे.

बिलातून कापले काय जाते?

मोटार विम्याचे हप्ते पूर्वी सरकारी दरपत्रकाने ठरत. २००७ पासून ओन डॅमेजचे दर कंपन्या स्वतः ठरवतात. पण पॉलिसीच्या अटींचा साचा बराचसा २००२ च्या मोटार टॅरिफचाच राहिला आहे. त्या साच्याप्रमाणे गाडी जुनी झाली की सुट्या भागांच्या किमतीतून घसारा कापतात. रबर, नायलॉन, प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. काचेवर मात्र घसारा शून्य आहे. गाडी सहा महिन्यांची असो की सहा वर्षांची, काचेची पूर्ण किंमत धरली जाते.

याचा अर्थ पूर्ण बिल मिळते असा नाही. काचेभोवतीची रबरी बीडिंग रबरात मोडते, तिचे अर्धेच पैसे मिळतात. काच चिकटवण्याचा डिंक, क्लिपा, स्क्रू यांना कंपन्या बहुधा 'कन्झ्युमेबल' म्हणजे वापरून संपणारा माल समजून वगळतात. शेवटी सक्तीची वजावट येते. खासगी कारला १५०० सीसीपर्यंत सामान्यतः १००० रुपये आणि त्यावर २००० रुपये मालकाने सोसायचे असतात. हप्ता कमी व्हावा म्हणून कोणी जादा स्वेच्छा वजावट स्वीकारली असेल, तर तीही कापली जाते. स्वेच्छा वजावट ५००० रुपयांची असेल तर लहान गाडीची काच विम्यातून बदलण्यात जवळजवळ काहीच हाती लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. समजा, १२०० सीसीच्या कारची काच ७००० रुपये, बीडिंग ८०० रुपये, डिंक वगैरे १२०० रुपये आणि मजुरी १००० रुपये, मिळून बिल १०,००० रुपये. काचेचे ७०००, बीडिंगचे ४००, मजुरीचे १००० धरले की ८४०० रुपये होतात. त्यातून १००० ची वजावट गेली. कंपनीकडून मिळाले ७४०० रुपये. मालकाच्या खिशातून गेले २६०० रुपये. येथपर्यंत सौदा बरा दिसतो.

खरा खर्च नो क्लेम बोनसमध्ये

आता वहीचे दुसरे पान उघडू. वर्षभर दावा केला नाही की पुढच्या वर्षी ओन डॅमेजच्या हप्त्यावर सूट मिळते, तिला नो क्लेम बोनस म्हणतात. एका वर्षाला २० टक्के, मग अनुक्रमे २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. त्यापुढे ५० वरच थांबते. मध्ये एक जरी दावा झाला, तरी पुढच्या नूतनीकरणाला बोनस शून्य होतो आणि शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते. दावा सात हजारांचा असो की सत्तर हजारांचा, शिक्षा सारखीच.

वरच्याच कारचा बोनस सध्या ३५ टक्के आणि बोनसपूर्वीचा ओन डॅमेजचा हप्ता ८००० रुपये समजू. दावा केला नाही तर पुढची वर्षे ४५, ५०, ५०, ५०, ५० टक्के सूट मिळेल. दावा केला तर ०, २०, २५, ३५, ४५ टक्के. पाच वर्षांतील फरक अनुक्रमे ४५, ३०, २५, १५ आणि ५ टक्के, म्हणजे एकूण १२० टक्के. ८००० च्या हप्त्यावर ही रक्कम ९६०० रुपये होते. गाडी जुनी होते तसा हप्ता थोडा उतरतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा काहीसा कमी येईल. तरी ७४०० रुपये घेण्यासाठी जवळपास तेवढेच किंवा त्याहून जास्त आपणच हळूहळू परत देतो.

आता उलट बाजू. गाडी नवी आहे, बोनस अजून शून्य आहे. दावा न करता सूट २०, २५, ३५, ४५, ५० अशी चढेल. दावा केला तर ०, २०, २५, ३५, ४५ अशी एक पायरी मागे राहील. एकूण फरक फक्त ५० टक्के, म्हणजे ४००० रुपये. येथे ७४०० चा दावा फायद्याचा आहे. आणि ज्याचा बोनस ५० टक्क्यांवर पोहोचला आहे, त्याचा फरक १२५ टक्के, म्हणजे १०,००० रुपये. त्याने लहान काचेचा दावा करण्याआधी दहा वेळा विचार करावा.

हल्लीच्या काही गाड्यांत समोरच्या काचेमागे कॅमेरा असतो, पावसाचा सेन्सर असतो. काच बदलली की कॅमेऱ्याची मांडणी पुन्हा तपासावी लागते. अशा काचेचे बिल कित्येक पटींनी मोठे होते आणि तेथे दावा करणेच शहाणपणाचे. सूत्र साधे आहे : कंपनीकडून हातात पडणारी रक्कम एका बाजूला, येत्या वर्षांत बुडणारी सूट दुसऱ्या बाजूला. तराजू ज्या बाजूला झुकेल तसे करावे. वर्षअखेर आधीच दुसरा दावा झालेला असेल, तर बोनस गेलेलाच आहे. मग काचेचाही दावा करण्यात तोटा नाही. मात्र वेगळ्या घटनेचा वेगळा दावा आणि वेगळी वजावट, हे ध्यानात असू द्यावे.

जोडविमे घ्यावेत का?

'झिरो डेप' म्हणजे घसारा न कापण्याचा जोडविमा. एजंट काचेचे नाव घेऊन तो विकत असेल, तर त्याला सांगावे की काचेवर घसारा मुळातच नाही. झिरो डेपचा उपयोग बंपर, बीडिंग अशा प्लास्टिक-रबराच्या भागांसाठी मोठा आहे, काचेसाठी लहान. 'कन्झ्युमेबल' जोडविम्यात डिंक-क्लिपांचा खर्च निघू शकतो. 'नो क्लेम बोनस संरक्षण' नावाचा जोडविमाही मिळतो. ठरावीक संख्येपर्यंत दावे करूनही बोनस टिकतो. ज्याची गाडी सतत महामार्गावर असते आणि बोनस वर पोहोचलेला आहे, त्याला तो परवडू शकतो. प्रत्येक कंपनीच्या अटी निराळ्या, म्हणून तोंडी आश्वासनावर न जाता छापील अट वाचावी.

टेम्पोवाले आणि कापडवाले यांच्यासाठी

मालवाहू गाडीच्या पॉलिसीत एक कलम हमखास असते. गाडी संपूर्ण निकामी झाली नसेल तर दिवे, टायर, मडगार्ड, बॉनेट, बंपर आणि रंग यांच्या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत. समोरची काच या यादीत नाही, म्हणून तिचा दावा होतो. पण त्याच धडकेत फुटलेल्या दिव्याचा होत नाही. हे भाग हवे असतील तर 'आयएमटी २३' नावाची पुरवणी जादा हप्ता देऊन घ्यावी लागते. टेम्पोच्या पॉलिसीवर हा आकडा लिहिलेला आहे का, ते पाहावे.

दुसरी गोष्ट आमच्या धंद्यातली. खासगी कारच्या पॉलिसीत उपयोगाची मर्यादा छापलेली असते : भाड्याने चालवू नये, आणि नमुने किंवा स्वतःचे सामान सोडून माल वाहू नये. नमुन्याचे तुकडे घेऊन ग्राहकाकडे गेलात तर हरकत नाही. पण मागची सीट पाडून कापडाचे तागे भरले आणि वाटेत काच फुटली, तर कंपनीला दावा नाकारण्याचे कारण आपणच हातात दिले असे होते. पाच-पंचवीस तागे तर आहेत, असे म्हणून चालत नाही. मालासाठी मालाची गाडीच वापरावी.

तिसरी गोष्ट जीएसटीची. मालवाहू गाडीच्या दुरुस्तीवरील जीएसटीचे क्रेडिट नोंदणीकृत व्यापाऱ्याला घेता येते, म्हणून कंपनी बिलातील कराची रक्कम सहसा देत नाही. कंपोझिशन योजनेत असलेल्यांना हे क्रेडिट मिळत नाही. त्यांनी तसे लेखी कळवावे.

चौथी गोष्ट जुन्या गाडीच्या खरेदीची. गाडी विकत घेतली की थर्ड पार्टी विमा कायद्याने नव्या मालकाकडे जातो. ओन डॅमेज आपोआप जात नाही. चौदा दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. जुन्या मालकाच्या नावाची पॉलिसी खिशात ठेवून फिरणाऱ्याला काचेचा दावा मिळत नाही. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. तो विकणाऱ्याबरोबर जातो.

दावा करायचे ठरले तर

काच फुटल्यावर गाडीचा नंबर दिसेल असे आणि फुटलेल्या जागेचे जवळून असे फोटो काढावेत. कंपनीला लगेच कळवून दाव्याचा क्रमांक घ्यावा. सर्वेअरने पाहिल्याशिवाय किंवा कंपनीने परवानगी दिल्याशिवाय काच बदलू नये. जुनी काच गेली की पुरावाही गेला. गाडीचे आरसी, चालकाचा परवाना आणि पॉलिसी तयार ठेवावी. कंपनीच्या यादीतल्या गॅरेजमध्ये गेल्यास बिल थेट कंपनी भरते, आपल्याला फक्त आपला वाटा द्यावा लागतो.

नवी काच बसवताना तिच्या कोपऱ्यात आयएसआयची खूण आहे का ते पाहावे. बिनखुणेची स्वस्त काच म्हणजे जिवाशी खेळ. डिंक सुकायला गॅरेजवाला जेवढा वेळ सांगेल, तेवढा वेळ गाडी हलवू नये. फास्टॅग समोरच्या काचेवरच चिकटवलेला असतो आणि काढताना निकामी होतो. ज्या बँकेचा टॅग आहे तिच्याकडून नवा घ्यावा, नाहीतर टोलवर जादा रक्कम भरण्याची पाळी येते. काचेवर काळी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी घातली, हेही विसरू नये.

जुना तडा, नवा दावा

बाजारात एक सल्ला फुकट मिळतो : "विमा संपला तरी काही बिघडत नाही. आता नवा काढू, आठ दिवसांनी हाच तडा नवा म्हणून दाखवू." हा सल्ला घेऊ नये. विमा खंडित झाल्यावर नवा काढताना कंपनी गाडीची पाहणी करते, फोटो घेते आणि फुटलेली काच आधीच नोंदवून वगळते. शिवाय विमा हा परस्पर विश्वासाचा करार आहे. खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले तर काचेचाच नव्हे, उद्या एखाद्या मोठ्या अपघाताचा दावाही अडचणीत येऊ शकतो. चार-पाच हजारांसाठी पेढीची इभ्रत पणाला लावण्यात कोणता व्यापार आहे? माल देताना आपण दोष दाखवून देतो, तोच नियम येथेही लागू आहे.

कंपनीने अन्याय केला तर

खरा दावा नाकारला गेला, तर कारण लेखी मागावे. प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करावा. विमा नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावर किंवा 'बीमा भरोसा' या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे लोकपालाची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही आणि एकट्या मालकीची छोटी पेढीही तक्रार करू शकते. तरी कागद नीट असतील तरच तेथे बोलणे भारी पडते.

थोडक्यात, पॉलिसीतील ओन डॅमेजची तारीख तपासावी. लहान डाग त्याच आठवड्यात खिशातून दुरुस्त करावा. पूर्ण काच गेली तर बोनसचा हिशेब मांडून मगच दाव्याच्या कागदावर सही करावी. मोठे नुकसान असेल तर संकोच न करता आपला हक्क मागावा. त्यासाठीच आपण हप्ता भरलेला असतो.